बंद पडलेली पॉलिसी आणि पवारबाई

मंडळी, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात आहे.

गंगापूर रोडला माझं टॅक्सचं ऑफिस आहे. तिथे आज कळवणहून एसटीने पवारबाई आल्या. शाळेत शिकवतात.

म्हणाल्या, "सर, माझ्या रिटर्नमध्ये मेडिक्लेमची सूट लागलीय. पण यंदा मी हप्ता भरलाच नाही, पॉलिसी बंद पडली. ती सूट काढा."

फाईल पाहिली. मागच्या वर्षीचा आकडा मीच न विचारता उतरवला होता. तरी तोंडातून निघून गेलं, "बाई, हे कुणी विचारलंही नसतं."

"पण नाव माझं आहे ना त्यावर."

मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. वाढलेला कर भरून परतीच्या एसटीला गेल्या.

अशी माणसं तुम्हाला भेटतात का? मी तेव्हापासून सगळ्यांच्या फाईली पुन्हा उघडून बसलोय.