पहिल्या पानावरचं निगेटिव्ह

सलाईन सुरू झालं की ते स्टँडवर नाण्यानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "डबल. जाऊ द्या." एसटीत कंडक्टर होते, कन्नडच्या गाडीवर. घर मुकुंदवाडीला. बाटली संपत आली की एकच टकटक. एका बेलवर गाडी थांबते आणि दोनवर सुटते, हे तुम्हाला सांगायला नको. वॉर्डातल्या नव्या नर्सला मात्र त्यांनी ते रीतसर शिकवलं होतं.

मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. सकाळी वॉर्डात रक्त घ्यायचं आणि दुपारी रिपोर्टच्या खिडकीत बसायचं, हे माझं काम. मी हात धरला की ते म्हणत, "घ्या ताई, सुट्टे असतील तेवढे घ्या."

त्यांना ब्लड कॅन्सर होता, झपाट्यानं वाढणारा. पहिली केमो चालू असतानाच त्यांच्या बोनमॅरोचा नमुना जनुकांच्या तपासणीसाठी मुंबईला गेला. डॉक्टरांनी समजावलं, की या पेशींच्या जनुकांत बदल झालेले असतात. एखादा बदल बरा, म्हणजे आजार औषधाला दाद देतो. एखादा वाईट, म्हणजे आजार उलटायची भीती. मग दुसऱ्याचा बोनमॅरो घालावा लागतो, शक्यतो सख्ख्या भावंडाचा. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे बदली झालीय. डेपो कोणता मिळाला, तेवढं कळायचंय."

मी हसले. ते हसले नाहीत, कारण सख्खा भाऊ एकच, धाकटा, गंगापूरला, आणि त्याच्याशी अकरा वर्षं अबोला होता.

अबोल्याचं कारण ऐकाल तर तुम्हीही कपाळाला हात लावाल. भाऊ सासरच्या मंडळींना घेऊन यांच्या गाडीत बसला. मुलाचं अर्धं तिकीट मागितलं. यांनी फुल फाडलं. पोरगं अजून बारा पूर्ण नाही, असं भाऊ म्हणाला, तर भरल्या गाडीत हे म्हणाले, "पूर्ण हाय. बारशाला मी व्हतो." भाऊ पुढच्या थांब्याला सगळ्यांना घेऊन उतरला.

"चुकलं व्हय ताई माझं?" ते मला दर दोन दिवसांनी विचारायचे.

"नियमानं नाही."

"मंग?"

मग मी सुई काढून कापसाचा बोळा दाबून धरायचे.

त्यांनी ठरवलं होतं. रिपोर्ट वाईट आला तर त्याच दिवशी धाकट्याला फोन करायचा. चांगला आला तर कशाला? कधी कधी मला वाटायचं, तो वाईट यावा असंच त्यांच्या मनात आहे.

रिपोर्ट शनिवारी दुपारी थेट त्यांच्या मोबाईलवर आला. मी वॉर्डात गेले तर त्यांची बायको पेढे वाटत होती. "निगेटिव्ह आलं, ताई. सुटलो. आता धाकट्यापुढं हात पसरायला नको."

कोरोनात आपण सगळेच हा शब्द शिकलो. निगेटिव्ह म्हणजे घरी जा, पॉझिटिव्ह म्हणजे अॅम्ब्युलन्स. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत निगेटिव्ह होतंच. पण ते त्या बऱ्या बदलासमोर होतं. तो असायला हवा होता, आणि नव्हता. वाईट बदल दुसऱ्या पानावर होता, पॉझिटिव्ह. लॅबला आलेली प्रत मी खिडकीत आधीच वाचली होती.

दुसरं पान बघितलं का, एवढंच विचारायचं होतं. पण रिपोर्ट समजावणं डॉक्टरांचं काम आणि डॉक्टर सोमवारी येणार. नियम खराच होता, आणि त्या क्षणी तो मला फार सोयीचा वाटला. मी "बरं झालं" म्हणाले आणि पेढा खाल्ला.

सोमवारी डॉक्टरांनी त्यांना दुसरं पान दाखवलं. मी गेले तेव्हा ते भिंतीकडे बघत होते.

"ताई, तुमाला ठावं व्हतं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"पेढा खाल्ला की तुमी."

एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी फोन उचलला.

भाऊ मिळेल त्या जीपनं आला. बरोबर ते पोरगं, आता चांगलं दाढीवालं. भाऊ पलंगाशी उभा राहून म्हणाला, "दादा, तिकिटाचं मरू दे आता."

"बारा पूर्णच व्हते पण," हे म्हणाले. दोघं हसले आणि बायको रडायला लागली. भावाचं रक्त मी घेतलं आणि जुळणीच्या तपासणीला त्याच दिवशी पाठवलं.

पुढं पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना त्यांना ताप भरला आणि तीन दिवसांत ते गेले. जुळणीचा रिपोर्ट ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. शनिवार ते सोमवार या दोन दिवसांमुळे उपचारात काहीही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मलाही कळतं.

आठवड्यानं भाऊ कागद न्यायला खिडकीशी आला. सह्या झाल्या तरी जाईना.

"ताई, आमचं जुळलं व्हतं का?"

या वेळी मी गप्प बसले नाही. "पूर्ण जुळलं होतं," म्हणाले.

"दादाला कळलं व्हतं?"

"नाही. रिपोर्ट एक दिवस उशिरा आला."

त्यानं तो कागदही मागून घेतला, दोन्ही पानं नीट बघितली, इंग्रजी वाचता येत नसताना. "एकच दिवस," असं म्हणाला आणि गेला.

शनिवारच्या पेढ्याचं मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं.