सोमवारी साडेसात ते नऊ

माझ्या पायांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही, असं आई म्हणायची. त्या सोमवारी तर तिरुसूलम स्टेशनच्या बाकाला मी पाठसुद्धा टेकली नाही. डोक्यावर स्टेशनचा पूल, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मद्रासचा विमानतळ आणि तिथे दाराशी, कागदपत्रांसाठी आठवडाभर आधीच मद्रासला आलेला माझा थोरला भाऊ मस्कतला जायला उभा. आठच्या सुमारास तो आत जाणार होता आणि मग दोन वर्षं त्याचं तोंड दिसणार नव्हतं. त्याला निरोप द्यायला अप्पा, आई आणि मी रात्रभर गाडीत बसून कुंभकोणमहून आलो होतो. आता फक्त रस्ता ओलांडायचा होता, आणि अप्पा बाकावरून उठत नव्हते.

कारण साडेसात वाजून गेले होते. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. आमच्याकडे त्या दीड तासात कुणी नवं कापडही अंगाला लावत नाही, मग परदेशी निघालेल्या मुलाला निरोप कुठला! खरं तर आम्ही वेळेत पोचलो असतो. कुंभकोणमची गाडी तिरुसूलमला थांबत नाही, म्हणून पहाटे तांबरमला उतरलो होतो. तिथून लोकल पकडली की पंधरा मिनिटांत विमानतळ. पण अप्पांना तांबरमच्या नळावर तोंड धुऊन, साग्रसंगीत संध्या करून, कपाळाला गंध लावूनच मुलासमोर जायचं होतं. माझ्या डोळ्यांदेखत चार लोकल गेल्या.

"नऊ वाजूं दे," अप्पा म्हणाले.

"नऊस तो आंत असेल, अप्पा."

"असूं दे. मागल्या खेपेस काय झालं, ठावें नाही तुज?"

ठाऊक होतं. मागच्या खेपेला भाऊ घाईघाईत राहुकाळातच घराबाहेर पडला होता, आणि एजंटाने दिलेला व्हिसा खोटा निघाल्यावर मुंबईहून हात हलवत परत आला होता. त्या एजंटाला अप्पांनी कधी बोल लावला नाही. सगळा दोष घड्याळाचा. मला त्यांचा संताप आला. मद्रास बीच स्टेशनकडे जाणारी लोकल आली, गेली. तांबरमची आली, गेली. बॅगा घेतलेली माणसं उतरून सरळ पलीकडे चालती होत होती, त्यांना कुठला राहू आडवा येत नव्हता. पावणेआठ झाले.

"मी काफी घेऊन येतों," मी म्हणालो. शुद्ध थाप होती.

आईने पिशवीतून भावासाठी आणलेला डबा काढून माझ्या हातात दिला. तो पुऱ्या आणि मेतकुटाने गच्च भरलेला होता. "यांत आण," ती म्हणाली. अप्पांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी धावत सुटलो. भाऊ दाराशीच होता, आत जायच्या रांगेत. डबा घेता घेता त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"अप्पा?"

ते पलीकडे बाकावर बसलेत, हे मला सांगवेना. "ताप आहे त्यांस," मी म्हणालो. "आई जवळ राहिली. मी एकलाच आलों."

त्याचा चेहरा एवढासा झाला. माझ्या पाठीवर हात ठेवून तो रांगेत पुढे सरकला. मला तिथे उभं राहवेना, मी पळालो; पण लगेच अप्पांसमोर जाववेना, म्हणून रस्त्याकडेच्या टपरीआड थोडा वेळ थांबलो.

अप्पा बाकावरच होते. "काफी कोठें?"

"संपली," मी म्हणालो.

नऊच्या ठोक्याला आम्ही तिघं रस्ता ओलांडून गेलो, बंद काचांकडे बघितलं आणि परतलो. अप्पा अगदी शांत. मी गाडीत बसेपर्यंत त्यांच्यापुढे चार पावलं चालत राहिलो.

महिन्याभराने भावाचं पत्र आलं. अप्पांना लांबचं लख्ख दिसे, पण अक्षरं लागत नसत, म्हणून पत्रं मी मोठ्याने वाचायचो. तिथलं ऊन, खोली, सोबतचे लोक, असं भरभर वाचत गेलो आणि मनात यायच्या आत तोंडातून निघून गेलं: "अप्पांचा ताप उतरला का? त्या दिवशी ते स्टेशनच्या पुलावर उन्हात उभे होते. मी आत जाताना दोनदा हात केला."

तांदूळ निवडणाऱ्या आईचे हात थांबले. माझे कान तापले. मी पुढची ओळ शोधू लागलो.

"दिसला तो मज," अप्पा म्हणाले. "दोन्ही वेळां दिसला."

मग माझ्या हातातून पत्र घेऊन त्यांनी त्याची घडी घातली.

"मी हात केला असता, तर राहुकाळांत निरोप झाला असता."