दुर्बीण वर गेली तेव्हा

भिंगाजवळ कुणाचं बोट गेलं की मॅडम आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हात नको. नुसतं बघा."

भोपाळच्या आमच्या कारखान्यात, मोजमाप विभागात, त्या माझ्या वरिष्ठ होत्या. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये आई आणि त्या, दोघीच. गणपतीत आरतीला आल्या तरी प्रसाद घेऊन लगेच परतायच्या. तुमच्याही कॉलनीत असं एखादं घर असेल, जिथली ओळख दाराशीच थांबते.

इथं येण्याआधी त्या दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत होत्या. सूर्याभोवतीच्या तप्त प्रभामंडळाचे फोटो घेणारी दुर्बीण तिथं तयार होत होती. त्या फोटोंना लागणारा प्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही, वाटेत हवेतच अडतो. म्हणून दुर्बीण रॉकेटवरून वर पाठवायची. काही मिनिटं फोटो घेतले की खाली. तिचा आरसा घासून गुळगुळीत करणाऱ्यांत मॅडम होत्या. तो पुरा व्हायच्या आतच वडील गेले, आई सगळं विसरू लागली, आणि त्या भोपाळला परतल्या.

उड्डाणाला त्यांना बोलावणं आलं होतं. पण आईला कुणावर सोपवणार? त्या दिवशी नेहमीसारख्या कामावर आल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मला नुसतं बसायला सांगितलं. घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "गेली असेल वर."

कँटीनमधून आलेला चहा निवून गेला.

"आली असेल खाली," म्हणाल्या आणि डबा तसाच पिशवीत ठेवला.

पुढे जुन्या सहकाऱ्यांनी फोटो पाठवला. तो बघायला त्यांनी मला घरी बोलावलं, तेवढं एकदाच. आधीच्या फोटोंत जिथं नुसतं धुकं असायचं, तिथं आता एकमेकांत पिळलेले बारीक बारीक धागे दिसत होते. आईंनी वाकून पाहिलं.

"कुणाचे गं हे केस?"

"सूर्याचे, आई."

"तेल लाव म्हणावं."

मॅडम हसायला लागल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. मग फोटो उचलून आत ठेवून आल्या.

काही वर्षांनी त्यांच्या आई वारल्या, तेव्हा मी म्हणालो, आता परत जा तिकडे. त्यांनी संस्थेत विचारूनही पाहिलं होतं म्हणे. "तिथं आता मला ओळखणारं कुणी नाही," एवढंच बोलल्या.

निवृत्तीचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो, तर क्वार्टरला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मैडम तो सुबह ही निकल गईं." कुठं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

व्हरांड्यात आईंची वेताची खुर्ची तेवढी मागे राहिली होती. तिच्यावर ऊन आलं होतं.