पडद्याची मशीन

आधीच सांगून ठेवते, धम्मप्रियाला कुणी 'बिचारी' म्हणलं की माझं टाळकं सरकतं. बिचारी कामून? डोळ्यांनी दिसत न्हाई म्हणून? धडधाकट डोळ्यांची माणसं आमच्या लोह्यात तहसीलच्या पायरीवर ढिगानं बसलेली असतात, आणि त्यांचे अर्ज टाइप करते ती ही. मग बिचारी कोण, ते तुम्हीच ठरवा.

तहसील कचेरीच्या समोर आमचं दुकान हाय. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. मालक म्हणजे आमचे हे, उमाशंकर. मी त्यांची बायको शिल्पा. झेरॉक्सची मशीन माझ्या ताब्यात, आणि जीभ पहिल्यापासूनच माझ्या ताब्यात न्हाई. दुकानात कॉम्प्युटर दोन. दाराजवळच्यावर हे बसतात, आत भिंतीकडच्यावर धम्मप्रिया.

तिची आई महामाया अंगणवाडीत सेविका हाय. पोरीला लातूरला ठेवून, दिसत नसलेल्यांच्या वर्गात कॉम्प्युटर शिकवून आणलं तिनं. पहिल्या दिवशी आमचे हे लई काळजीनं विचारायला लागले, "बाळा, माऊस कसा धरशील तू?" ही म्हणाली, "दादा, माऊस काढूनच ठेवा. टेबलावर जागा तरी होईल." आणि खरंच वायर उपटून माऊस माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये सुतळीच्या गुंड्याशेजारी पडलेला हाय.

मग तिनं ती मशीन आपली करून घेतली. पेनड्राइव्हवर एक प्रोग्राम आणला होता. स्क्रीनवर जे उमटंल ते तो कानात घातलेल्या वायरीतून मराठीत बोलून दाखवतो. बोलायचा वेग तिनं असा चढवला की मी ती वायर कानात घातली तर मला नुसतं कढईत फुटाणे फुटल्यावानी ऐकू यायचं, हिला मात्र शब्द न् शब्द कळायचा. कंट्रोल आणि आल्टबरोबर एक कळ दाबली की उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज उघडायचा, दुसरी दाबली की रहिवासीचा. आल्ट-टॅब मारत ही बाई या कागदावरून त्या कागदावर अशी जायची, आमचे हे तोपर्यंत माऊसचा बाण शोधत असायचे.

मशीनचे बाहेर सगळ्यांना ऐकू येणारे आवाज बी बदलले तिनं. मशीन चालू झाली की महामायाबाईंचा आवाज यायचा, "जय भीम बाळा, कामाला लाग." आणि काही चुकलं की मशीन टिंग करती ना, त्या जागी तिनं माझ्याच घरच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून घातली. पहिल्या दिवशी शिट्टी ऐकून मी झेरॉक्स तसंच टाकून मागं स्वयंपाकघरात पळाले. परत आले तर ही खुर्चीत हसून हसून लाल झालेली.

मी बी एकदा तिला बेजार केलं, न्हाई असं न्हाई. दसऱ्याला ती सुट्टीवर. त्यांचा तो मोठा दिवस, धम्मचक्राचा, ती सगळी नांदेडला गेलेली. इकडं मी रीतीप्रमाणं दुकानातल्या सगळ्या मशीनींची पूजा केली आणि तिच्या कळफलकाला बी ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावली, चांगली ठसठशीत. दुसऱ्या दिवशी ही बसली आणि लागली की शिट्टीवर शिट्टी! त्या कळफलकावर दोन कळांना बारीक उंचवटा असतो, त्यावर बोटं ठेवून ही बाकीच्या कळा ओळखती. माझं कुंकू वाळून भलत्याच कळांवर टेकाडं झालेली. "वहिनी," ती म्हणाली, "पूजा करायची तर त्या खालच्या डब्याची करा. ही माझी वाट हाय, इथं दगड टाकू नका." ओल्या फडक्यानं मी एकेक कळ पुसून दिली.

पण तिची खरी करामत म्हणजे पडदा. इन्सर्ट, कंट्रोल आणि एस्केप, ह्या तीन कळा एकदम दाबल्या की स्क्रीन काळाकुट्ट व्हायचा. मशीन मात्र चालूच. तिच्या कानात बोलून राहिली, तिची बोटं चालून राहिली, आणि बाहेरच्याला काही म्हणता काही दिसायचं न्हाई.

ह्याची गरज कामून पडली, ते आमच्या दुकानात येऊन बघा. आमच्याकडं एकाचा अर्ज टाइप होताना मागं उभं राहून सगळे वाचतात. वाचतात ते वाचतात, वरून बोलतात. "आडनाव चुकलं की हो." "अरे, ह्याचा बाप वारला? कधी?" कुणाला त्यात वावगं वाटत न्हाई, जत्रेतल्या फलकावानी वाचतात. दारातल्या बाकड्यावर ह्या सगळ्या वाचणाऱ्यांचा म्होरक्या बसायचा, श्रीमंत नावाचा. प्लॉटिंगचा दलाल. त्याच्या खरेदीखतांचं टायपिंग आमच्याकडंच, म्हणून आमचे हे त्याला देवावानी चहा पाजायचे. चहा पीत पीत तो स्क्रीन वाचायचा, आणि कोण वाटणी मागून राहिलं, कोण विकायला निघालं, ते त्याला घरच्यांच्या आधी कळायचं.

पावसाळ्याआधी धुरपताबाई आली होती. इथून जवळच्याच गावची, नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. नवऱ्याच्या जमिनीवर पोरींची वारस नोंद लावायची होती. दिराचा डोळा त्याच जमिनीवर, आणि श्रीमंतचा डोळा दिरावर. आमच्या ह्यांच्या मशीनवर तिचा अर्ज टाइप झाला, बाकड्यावरनं श्रीमंतनं वाचला आणि फोन लावला. ज्याच्याकडं अर्ज द्यायचा तो साहेब त्या दिवशी रजेवर, म्हणून बाई कागद घेऊन गावाकडं गेली. जीपमधून उतरती न उतरती तोच दीर वाटेत उभा. कागद फाडला, वर शिव्या दिल्या. हे मला तिनंच नंतर बाजारात सांगितलं, रडत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी हे सगळं धम्मप्रियाला सांगितलं. त्या दिवसापासून तिच्या मशीनवर पडदा कायमचा पडला.

श्रीमंतला ते लगेच झोंबलं. "उमाशंकर," म्हणाला, "आत काय चालतं काय कळंना झालंय. काळा स्क्रीन! उद्या त्या आंधळीनं भलतंच काही टाइप केलं तर? अशानं मला माझं काम दुसरीकडं न्यावं लागंल." बस्स, आमच्या ह्यांचा जीव टांगणीला लागला. शनिवारी संध्याकाळी धम्मप्रियाला म्हणाले, "सोमवारपासून स्क्रीन चालू ठेवायचा. सगळ्यांच्या मशीनी असतात तशी मशीन ठेवायची. जमत नसंल तर बाळा, तू दुसरं काम बघ."

ती म्हणाली, "बघू."

तेवढ्यानं ह्यांचं समाधान होईना. रविवारी वीरेशला बोलावलं, तो मशीनी दुरुस्त करतो तो, आणि तिची मशीन सगळी पुसून कोरी करायला लावली. प्रोग्राम गेला, अर्जांच्या कळा गेल्या, आवाज गेले. मी भांड भांड भांडले. "लेकराचे डोळे फोडून राहिलात तुम्ही," म्हणलं. हे म्हणतात कसे, "तुला धंद्यातलं काय कळतं?" बरं बाबा, न्हाई कळत. त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं बी मला कळलं न्हाई.

सोमवारी ती आली, पर्स अडकवली, मशीन चालू केली. महामायाबाईंचा आवाज आलाच न्हाई. ही कळफलकावर हात ठेवून तशीच बसली. मला वाटलं आता रडंल. रडली न्हाई.

"दादा, माझ्या आईचा आवाज कुणी काढला?"

"अगं, मशीन जड झाली होती," हे म्हणाले.

"मशीन जड झाली होती का मी?"

ह्यांनी पंख्याकडं बघितलं. तिनं विंडोजची कळ, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं. मशीन इंग्रजीत बोलायला लागली. वीरेशनं सगळं पुसलं, पण मशीनबरोबर कंपनीचीच एक बोलणारी बाई जन्मापासून येती, ती त्याला कुठं ठाऊक! त्या इंग्रजी बाईचा हात धरून हिनं पर्समधला पेनड्राइव्ह लावला, आपला मराठी प्रोग्राम परत बसवला. मग एकेक कळ परत बांधत बसली. बाकड्यावरनं श्रीमंत टोमणे मारून राहिला, "काय उमाशंकर, भजन बसवलं का दुकानात?" ही वळली बी न्हाई.

आणि त्याच वेळी दारात धुरपताबाई.

बाई बाकड्यावर श्रीमंतला बघून दाराशीच थबकली. परत फिरायच्या बेतात होती. मी हाक मारली, "ये गं आत. इकडं, भिंतीकडं." ती धम्मप्रियाच्या शेजारी येऊन बसली, तशी हिनं तीन कळा दाबल्या. स्क्रीन काळा. श्रीमंत ताडकन उठला.

"उमाशंकर! हे बघा! तुमच्या हुकमाला काय किंमत हाय?"

हे आले, कपाळाला घाम. "धम्मप्रिया, पडदा काढ."

"न्हाई काढणार."

"मी मालक हाय ह्या दुकानाचा."

"हाव, दुकान तुमचंच हाय दादा. पण अर्ज ह्या मावशीचा हाय. तुमच्या मशीनवर हिचा अर्ज सगळ्यांनी वाचला आणि हिला साहेबापर्यंत पोचता आलं न्हाई. माझ्या मशीनवर कुणी वाचणार न्हाई. मला बी दिसत न्हाई, मग ह्या मामालाच तेवढं कामून दिसावं?" ती उठून उभी राहिली. "पडदा नको असंल तर मला काढा. पडदा काढून मी ह्या खुर्चीत बसणार न्हाई."

धुरपताबाईनं पदर खोचला. "ही पोरगी उठली तर मी बी उठते," म्हणाली, "आणि बाजारभर सांगते कामून उठले ते."

आमचे हे श्रीमंतकडं बघायला लागले. मालक असून परवानगी मागून राहिले, त्या बाकड्याकडं! तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी झेरॉक्सचं बटण बंद केलं. "ती उठली तर ही मशीन बी बंद," म्हणलं, "आणि चूल बी बंद. कालच्या आमटीवरनं अंदाज घ्या." मग मी त्या बाकड्याचं एक टोक धरलं आणि फराफरा ओढत रस्त्यावर नेलं. श्रीमंत ओरडून राहिला, "अहो वहिनी, अहो वहिनी!" म्हणलं, "बसा की. इथं हवा चांगली हाय." लोक बघून राहिले होते. बघू देत.

आत आले तर धम्मप्रिया खुर्चीत, बोटं कळांवर. धुरपताबाई हळू आवाजात सांगत होती, ही टाइप करत होती. पुरं झाल्यावर हिनं वेग उतरवला, अगदी माणूस बोलतं तेवढा केला, आणि कानातली वायर काढून धुरपताबाईच्या कानात घातली. बाई आधी दचकली. मग ऐकत राहिली. तिला वाचता येत न्हाई. आजपर्यंत लोकांनी जे लिहिलं त्यावर तिनं अंगठा दिला, आत काय हाय ते देवाला ठाऊक. पोरींची नावं आली तशी तिनं माझं मनगट धरलं. "मी बोलले तसंच हाय गं शिल्पाबाई," म्हणाली. "एक शब्द बी इकडचा तिकडं न्हाई." त्याच पावली ती रस्ता ओलांडून तहसीलमध्ये गेली आणि पोचेचा शिक्का घेऊन आली. दिराला कळलं ते सरकारी नोटीस आल्यावर.

श्रीमंतनं काम काढून नेलं. आमचे हे चार दिवस तोंड फुगवून बसले. पण बायकांमध्ये बातमी पसरायला वेळ लागत न्हाई. जीपमधून, एसटीतून उतरून सरळ दुकानात यायच्या आणि विचारायच्या, "पडद्याची मशीन कोणती?" ह्यांची मशीन रिकामी, हिच्यापुढं रांग. एके दिवशी ह्यांनीच स्वतःच्या मोबाइलवर महामायाबाईंचा आवाज रेकॉर्ड करून आणला. अंगणवाडीत जाऊन उभे राहिले म्हणे, चप्पल काढून. मला काही बोलले न्हाईत, मी बी काही विचारलं न्हाई. त्या दिवशी आमटी चांगली झाली होती.

आणि आता मागच्या आठवड्याचं ऐका. दुपारची वेळ, दुकानात मी आणि धम्मप्रिया. दारात श्रीमंत. एकटाच. चेहरा उतरलेला, हातात कसलीशी पिशवी. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि भिंतीकडं जाऊन बसला. काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणलात मामा?" धम्मप्रिया म्हणाली. "मला दिसत न्हाई. मोठ्यानं बोला."

"पोरी," तो म्हणाला, "तेवढा पडदा टाक."

आता हिची पाळी होती. मी म्हणलं, आता ही त्याला चांगला सोलती. मी झेरॉक्स थांबवून कान टवकारले. पण हिनं तीन कळा दाबल्या, स्क्रीन काळा झाला, आणि ती म्हणाली, "टाकला. बोला." बोलता बोलता त्यानं एकदा बाहीनं डोळे पुसले. शेवटी हिनं त्याच्या बी कानात वायर घातली. त्याला वाचता येतं, तरी घातली. कागद घडी घालून शर्टाच्या आत ठेवून तो गेला, बाकड्याकडं न बघता.

तो कोपऱ्यावरनं वळला तशी मी उडी मारून तिच्यापाशी गेले. "काय गं? काय होतं? पोरीचं काही हाय का? का जमिनीचं?"

धम्मप्रियानं कळफलकावरची धूळ फुंकरली.

"वहिनी," ती म्हणाली, "पडदा तुम्हाला बी हाय."

असा राग आला मला! माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर! तणतणत झेरॉक्सपाशी जाऊन बसले, आणि आजपर्यंत तिनं मला एक अक्षर सांगितलेलं न्हाई.