बंद खोलीतलं ‘येते’

दाराशी कुणी ‘येतो’ म्हटलं की आजही मला जर्मनीतल्या आखन शहरातली ती खोली आठवते. नोकरीत मुडदे पुष्कळ पाहिले, झोप कधी उडाली नाही. इथे तर मुडदाही नव्हता.

साठच्या दशकाची सुरुवात असावी. बोटांच्या ठशांच्या प्रशिक्षणासाठी खात्याने मला जर्मनीला पाठवलं होतं. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. फौजदार झाल्यावरही जर्मनचे वर्ग केले होते, म्हणून निवड झाली. हे अभिमानाने सांगतो. एका सकाळी तिथल्या कमिसारने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, मला बोलावलं. “तुमच्या भाषेचा एक विद्यार्थी आहे. खोटं बोलतोय, पण नक्की काय खोटं बोलतोय ते कळत नाही.”

मुलगा सांगलीकडचा, इंजिनिअरिंगचा. एका विधवा बाईंकडे भाड्याने राहायचा, त्यांना आजी म्हणायचा. बाईंची मुलगी टेलिव्हिजनवरच्या रंगारंग कार्यक्रमात गायची. हलकीफुलकी, मऊ गाणी. एकच लाँग प्ले रेकॉर्ड निघाली आणि वर्षभरात मुलगी वारली. बाई बैठकीच्या खोलीत रोज ती रेकॉर्ड लावायच्या. कव्हरवरचा हसरा फोटो रेडिओला टेकवून ठेवलेला असायचा.

दोन दिवस ते गाणं थांबलंच नाही. शेजारणीने तक्रार केली. पोलिसांनी खोलीचं कुलूप तोडलं, तर आत कुणीही नाही. रेकॉर्ड फिरत होती. यंत्रावरचा दांडा बाजूला सरकवून ठेवला की तीच रेकॉर्ड संपून पुन्हा सुरू होते, एवढा उलगडा लगेच झाला. बाईंचा मात्र पत्ता नव्हता. आणि पोरगा म्हणत होता, पहिल्या दिवशी दुपारी त्या आतून माझ्याशी बोलल्या.

चौकशी माझ्यासमोर पुन्हा झाली. कमिसार जर्मनमध्ये विचारत होता, पोरगा जर्मनमध्येच उत्तर देत होता.

“बाई काय म्हणाल्या?”

“‘येते’ म्हणाल्या. म्हणजे, ‘मी येते’.”

“कुणाकडे? मेलेल्या मुलीकडे?”

“नाही हो. बाहेर निघाल्या होत्या.”

“निघालेलं माणूस ‘येते’ म्हणतं? आणि त्यावर तू हो म्हणालास. शेजारणीने जिन्यातून दोघांचेही आवाज ऐकलेत.”

“मी हो नाही म्हणालो. मी ‘या’ म्हणालो.”

कमिसारने माझ्याकडे पाहून हात पसरले. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजेच हो. त्याचा हिशोब सरळ होता: बाई जीव द्यायला निघाल्या आणि पोराने मान डोलावली, नाहीतर पोरानेच घात केला. तलावात शोध घ्यायला माणसं निघाली होती.

मुलगा मराठीत म्हणाला, “साहेब, मीच शिकवलं हो त्यांना. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. त्यांना फार आवडलं. भाजीला निघाल्या तरी त्या फोटोला ‘येते’ म्हणायच्या.”

मी कमिसारला समजावलं, “आमच्याकडे ‘जाते’ म्हणणं अशुभ. ‘येते’ म्हणणारं माणूस परत येणार असतं. आणि मागे राहणारा त्याला ‘या’ म्हणतो.”

त्याने टिपणवहीतली एक ओळ खोडली. “आल्झो, म्हणजे ही बाई परत येणार होती.”

“गेनाऊ, अगदी तसंच,” मी म्हणालो.

तलावावरची माणसं परत बोलावली. परत येणारी बाई मुलीच्या भेटीलाच गेली असेल, म्हणून मी पोराला विचारलं, तिला कुठे पुरलंय? सरहद्दीजवळच्या एका खेड्यात. तिथल्या इस्पितळात फोन केला. दफनभूमीत पडलेली एक म्हातारी बेशुद्ध अवस्थेत आणली होती. खुबा मोडलेला, जवळ कागद नाही, नाव माहीत नाही. त्याच आमच्या बाई. कुणी विचारपूस केली नसती तर त्या तिथे बेवारस म्हणून गेल्या असत्या.

बाई शुद्धीवर आल्यावर जबाब घ्यायला गेलो. पोराला त्यांनी जवळ बसवलं. घर मुकं राहू नये म्हणून रेकॉर्ड चालू ठेवली, खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली, म्हणाल्या. मी सहज विचारलं, “निघताना ‘येते’ कुणाला म्हणालात?”

त्यांचा चेहरा उतरला. “त्या दिवशी म्हटलंच नाही. पहाटेची गाडी होती, घाईत विसरले. मुलगा तर झोपलेला होता. वाटेत तेच मनाला लागून राहिलं होतं.”

पोराने माझ्याकडे पाहिलं. त्याने आवाज ऐकला होता दुपारी, कॉलेजातून परतून बूट काढताना. इस्पितळाने त्यांना दाखल केलं होतं त्याच दिवशी सकाळी. आणि बाईंचा आवाज शेजारणीनेही ऐकला होता.

मी रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकली. सगळी गाणी जर्मन. तो शब्द कुठेच नाही.

कमिसारने प्रकरण बंद केलं. तो म्हणाला, “बाई सापडली. आणखी काय हवंय?” बरोबरच होतं. पण पुढे नोकरीभर मी एक नियम पाळला. साक्षीदार अशक्य काही सांगत असला तरी त्याचे शब्द जसेच्या तसे ऐकायचे, आपल्या सोयीने अर्थ लावायचा नाही. ‘या’चा हो केला असता, तर एक पोरगा गजाआड गेला असता आणि एक म्हातारी बिननावाची पुरली गेली असती. तो शब्द कुणी उच्चारला, हे मला आजही माहीत नाही.

बाईंचे कपडे न्यायला मी त्या घरी शेवटचा गेलो तेव्हा यंत्र बंद होतं. फोटो रेडिओला टेकलेला होता. दार ओढून घेताना सवयीने तोंडातून ‘येतो’ निघून गेलं, आणि मी उत्तर ऐकायला न थांबता जिना उतरलो.