कवचाएवढं हाड

काल गुडगावात दाताच्या डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं आणि जळक्या हाडासारखा तो वास नाकात शिरला. मी स्वतः मेंदूचा सर्जन, तरी खुर्चीचे हात घट्ट धरले गेले.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दिल्लीत मेंदूची सर्जरी शिकत होतो. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका काकूंच्या कवटीच्या तळाशी, कानाच्या नसेवर गाठ होती. चेहऱ्याची नस तिला चिकटूनच जात होती. आदल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांनी माझा हात धरला. "डॉक्टर, चेहरा वाकडा नाही ना होणार? शाळेत शिकवते हो मी." मला 'नाही' म्हणवेना. "जपून करू," एवढंच म्हणालो.

ऑपरेशनमध्ये मला शिकवणाऱ्या सरांनी ड्रिल माझ्या हाती दिलं. मायक्रोस्कोपखाली, त्याच जळक्या वासात, हाड झिजत झिजत अंड्याच्या कवचाएवढं पातळ उरलं, आणि त्याच्यामागेच चेहऱ्याची ती नस होती. एवढ्यात नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र कर्कश वाजलं. मी ड्रिल हाडावरून उचललं.

"सर, डर लग रहा है."

"मुझे भी," सर हळूच म्हणाले. "हाथ टिका के रख. पानी डालने दे, हड्डी ठंडी होने दे, फिर चलो."

गाठ निघाली. काकूंचा गाल काही महिने लोंबला, मग सावरला. त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या.

मला वाटायचं, सरांनी मला धीर द्यायला 'मुझे भी' म्हटलं असेल. आता विद्यार्थ्याच्या हातात ड्रिल देऊन मी शेजारी उभा राहतो, तेव्हा कळतं की सर अगदी खरं बोलले होते.