पिंप्राळ्याच्या बूथवरची पी.पी. वही

एसटीडी बूथ चालवणाऱ्याला करमणुकीसाठी टीव्ही लागत नाही हो! नव्वदच्या आसपास जळगावच्या पिंप्राळ्यात आमचा बूथ सुरू झाला आणि किस्से इतके साचले, की आता चारजणी जमल्या की मला गप्प बसवावं लागतं. काचेच्या केबिनमध्ये शिरलं की माणसाला वाटतं, आपलं कुणी ऐकत नाही. आणि बोलणार असं ओरडून, की थेट नशिराबादला ऐकू जावं!

गल्लीत दुसरा फोनच नव्हता. त्यामुळे आमचा नंबर सगळ्यांचा! नोकरीच्या अर्जावर आमचा, लग्नपत्रिकेवर आमचा, पुढे फक्त 'पी.पी.' लिहायचं. म्हणजे फोन आमच्याकडे येणार आणि आम्ही त्या माणसाला घरून बोलावून आणणार. कोण कुठे राहतं याची एक वही होती. ती लिहायचे माझे सासरे, नाना.

नानांच्या लक्षात नावं राहत नसत. म्हणून नोंदी अशा: निळ्या दारवाले, तीन मुलींवाले, खोकणारे आबा. एकदा फोन आला, तर नानांनी वही उघडून मोठ्यांदा विचारलं, "कोण पाहिजे? खोकणारे आबा का?"

आबा समोरच उभे! म्हणाले, "नाना, मना खोकला बी तुमनी वहीमा शे का?"

नाना शांतपणे म्हणाले, "शे ना! लांबून ऐकू येतो, तोच तर तुमचा पत्ता!"

रावेरहून एकदा केळीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. आमच्या गल्लीतली मुलगी त्यांनी मुलासाठी बघितली होती. सहज चौकशी केली, आणि नाना सुरू! शिक्षण, उंची, वडिलांची नोकरी, भाऊ काय करतो, सगळं बठ्ठं सांगून टाकलं! वर म्हणाले, "मुलगी लाखात एक. फक्त भात करपवते."

मी कपाळावर हात मारला. मोडलं लग्न! तेवढ्यात पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, "भात कोण खातं हो? भाकरी येते ना?"

लग्न झालं. पत्रिकेवर नंबर आमचाच!

पण मी त्या दिवशी नानांवर भडकले. "लोकांचे नाव-पत्ते त्यांना न विचारता असे वाटत सुटायचं नसतं!" तर नाना म्हणाले, "अगं, डिरेक्टरीत अख्खं जळगाव छापून वाटतात, ते चालतं?"

आमचा वाद मिटेना. बूथवर एक वकीलसाहेब यायचे, त्यांनाच विचारलं. कुणाचा फोन नंबर, पत्ता, हे खाजगी धरायचं की नाही? वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "ताई, कायद्यात असं स्पष्ट कुठे लिहिलेलं माझ्या बघण्यात नाही. छापलेलं असेल तर सगळ्यांचं, नाही तर ज्याचं त्याचं." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आणि हे मी सांगितलं, असं कुणाला सांगू नका!"

मग मंगला आली. दवाखान्यात नर्स, मागच्या गल्लीत खोली घेतलेली. नवरा धुळ्याचा, मारकुटा. हात मोडला त्याने, तेव्हा बिचारी नेसत्या साडीनिशी निघाली होती. मला म्हणाली, "ताई, फोन आला तर निरोप घ्या. पण मी कुठे राहते ते कुणालाच सांगू नका. सापडले तर तो मला जिवंत ठेवणार नाही."

मी नानांना समोर बसवून दम दिला. "नाना, तुमच्या तोंडाला कुलूप लावा! भात करपण्याची गोष्ट नाही ही!" नाना नुसते "हं" म्हणाले.

आणि आठवड्याभरात फोन आला. एक बाई, आवाज कसा मधाळ! "मी दवाखान्यातून मेट्रन बोलतेय. मंगलाला अर्जंट बोलवायचंय, कुठे राहते हो ती?" नाना हात पुढे करत होते, पण रिसीव्हर माझ्या हातात. मी म्हटलं, "आमच्या मागच्याच गल्लीत की!" खट्! फोन बंद. ही मेट्रन नव्हतीच, हे मला तेव्हा उमगलं. बूथचा पत्ता तर डिरेक्टरीत होताच!

रविवारी सकाळी बूथ गच्च भरलेला. मंगला केबिनमध्ये बहिणीशी बोलत होती. सफारी घातलेला एक माणूस आला. "मंगलाचा मामेभाऊ, धुळ्याहून आलोय. घर दाखवता का?" त्याला बघताच मंगला काचेखाली मटकन बसली. मामेभाऊ कसला, नवराच तो!

नाना उठले आणि केबिनच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. "दाखवतो की! पण मागणाऱ्याचं आधी लिहून घेतो. आमची पद्धत आहे."

कसली पद्धत! मी तर पहिल्यांदाच ऐकत होते! घाईघाईत त्याने सांगितलं, नानांनी लिहिलं. नाव, गल्ली, घर, शेजाऱ्यांचा फोन, ऑफिस, साहेबांचा नंबर. मग नाना रांगेकडे वळले आणि खणखणीत आवाजात सगळं वाचायला लागले! "लिहून घ्या रे, मंगलाताईच्या नवऱ्याचा पत्ता शे. तिच्या केसालाही धक्का लागला, तर इथे जायचं!"

खोकणाऱ्या आबांनी खिशातून पेन काढलं. त्यांचं बघून सगळ्यांनी!

तो ओरडला, "अहो, हे काय! माझं घर, माझं ऑफिस, असं चारचौघांत कुणी सांगतं का?"

नाना म्हणाले, "नाही ना सांगत, भाऊ. म्हणून तर तिचंही नाही सांगत."

तो गेला, तो परत आला नाही. मंगला बाहेर आली, नानांच्या पाया पडली आणि रडत म्हणाली, "वहीतलं माझं नाव खोडा, नाना."

मी पटकन वही उघडली. तिच्या पानावर नाव नव्हतं, गल्ली नव्हती, काही नव्हतं. नानांच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं:

'हिचा फोन सूनबाईला घेऊ देऊ नये.'